विश्लेषण : घरातल्या काचपेटीत समुद्र मावतो का?

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दीड-दोन फुटांची काचपेटी, वर निळसर दिवा, आत डुलणारे प्रवाळ आणि त्यांच्या आडून डोकावणारे नारिंगी-पांढरे क्लाउनफिश. असे ‘नॅनो रीफ’ अ‍ॅक्वेरियम घरी असावे असे वाटणाऱ्यांना दुकानात हमखास सल्ला मिळतो : सुरुवात आहे ना, मग छोटीच टाकी घ्या. हा सल्ला चुकीचा आहे. शिवाय त्या टाकीत काय ठेवायचे, हा प्रश्न थेट वन्यजीव कायद्यापर्यंत जातो, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

छोटी टाकी सोपी का नाही?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होते तेव्हा पाणी उडते, क्षार मागेच राहतात. पंख्याखालच्या ६० लिटरच्या टाकीतून दोन दिवसांत तीन लिटर पाणी उडाले, तर क्षारता ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. कोणी शनिवार-रविवार गावी जाऊन आले, तर तेवढ्यात प्रवाळ आक्रसलेले दिसू शकतात. मोठ्या टाकीत हाच बदल सावकाश होतो आणि सावरायला वेळ मिळतो. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे असते. अनेक नवशिके खारे पाणी घालतात आणि टाकी आणखी खारट करतात.

हे गोडे पाणी नळाचे चालत नाही. त्यातले नायट्रेट, सिलिकेट शेवाळाच्या पथ्यावर पडतात, तर तांब्याचा अंशही कोळंबी-गोगलगायींना मारक ठरतो. आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणी लागते. स्वयंपाकघरातला प्युरिफायर त्यासाठी बेभरवशाचा, कारण बरीच यंत्रे चवीसाठी पाण्यात खनिजे परत मिसळतात. जुहू किंवा दादरच्या चौपाटीवरून कॅन भरून आणण्याचा विचार तर मनातही आणू नये.

पाणी, मीठ, खडक घातले की लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा तुलनेने सुसह्य. या जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकीही लोणच्यासारखी मुरावी लागते. रिकामी टाकी महिनाभर पाहत बसण्याचा कंटाळा येतो, घरातली मुले मागे लागतात आणि तिथेच पहिले मासे दगावतात.

उन्हाळ्याचे काय?

महाराष्ट्रात हा छंद सर्वाधिक अडतो तो इथे. प्रवाळांना २५-२६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. मे महिन्यात बंद फ्लॅटमधली खोली ३२ अंशांपुढे जाते, त्यात पंप आणि दिव्यांची उष्णता. प्रवाळांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्यांना बहुतेक अन्न पुरवतात. पाणी तापले की प्रवाळ ती बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०२४ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ ज्या प्रक्रियेने पांढरे पडले, तीच ही प्रक्रिया. म्हणून चिलर लागतो. १५० वॉटचा चिलर दिवसातून दहा तास चालला, तर महिन्याला ४५ युनिट होतात. दिवे आणि पंप वेगळे. आणि चिलर पाण्यातून काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो! वीज गेली की आधी पाण्यातला प्राणवायू कमी होतो, तापमान नंतर चढते. त्यामुळे भारनियमन असलेल्या गावात बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीच्याही आधी घ्यावा.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे आहेत. समुद्री घोडेही त्याच अनुसूचीत. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘हा आपल्याकडचा नाही, इंडोनेशियाचा आहे’ हा दुकानातला युक्तिवाद तोकडा पडतो, कारण यादीत ‘सर्व’ असे म्हटले आहे, देशाचे नाव नाही. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा खडकही बहुधा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाच असतो. चिनी मातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम खडक तेच काम करतात, फक्त मुरायला थोडे जास्त दिवस घेतात.

कारवाई मात्र सहसा विक्रेत्यापर्यंत पोहोचते, तीही अधूनमधून. ग्राहकाला आपण काय विकत घेतले हे कळतच नाही आणि दुकानात तसा फलकही नसतो. पहिल्या अनुसूचीतल्या सागरी जिवांची चित्रे प्रत्येक अ‍ॅक्वेरियम दुकानात लावणे वन विभागाने सक्तीचे करायला हवे. त्याला नवा कायदा लागत नाही.

मग ठेवायचे काय?

हॅचरीत जन्मलेले क्लाउनफिश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. असे मासे गोळ्यांचे खाद्य खातात, समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा चिवट असतात आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतात. किनाऱ्यावरच्या महिला बचत गटांसाठी हा उत्पन्नाचा चांगला मार्ग आहे. पण हॅचरीचा मासा आणि खडकांतून उपसलेला मासा दुकानात एकाच टाकीत, एकाच भावाने विकला गेला तर कष्ट घेणाऱ्याचेच नुकसान. ‘फाइंडिंग निमो’मधली डोरी, म्हणजे ब्लू टँग, मात्र टाळावी. ती फूटभर वाढते आणि बाजारातले बहुतेक मासे समुद्रातून पकडलेलेच असतात. आग्नेय आशियात त्यासाठी सायनाइड फवारण्याची पद्धत अजून पूर्ण थांबलेली नाही. देखणा मँडरिन मासा लहान टाकीत चक्क उपाशी मरतो, कारण त्याला सतत जिवंत सूक्ष्म कवचधारी लागतात.

हौशी मंडळी कठीण प्रवाळांऐवजी झोअँथिडकडे वळतात. रंगीत आणि तग धरणारे, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. खडक साफ करायला त्यावर उकळते पाणी ओतले, तर त्या वाफेने घरातली माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत.

बदली झाली, घर बदलले, बिल परवडेनासे झाले की टाकी मोडायची वेळ येते. तेव्हा मासे दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. दया म्हणून ते वरळीच्या खडकांत सोडू नयेत. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाजवळ दिसला, तो बहुधा असाच कोणाच्या तरी टाकीतून सुटलेला होता. आज तो कॅरिबियनमधल्या खडकांवरची लहान मासळी फस्त करतो आहे.