वही घेऊन ऑर्गनजवळ

भाऊबीज उलटली की आपल्या वडशाला झाडीपट्टी नाटकांचे वेध लागतात. रात्रभर प्रयोग चालतो, गाण्याला वन्समोअर मिळतो. पण ऑर्गनवर बसलेला माणूस ती चाल कुठे शिकला, हे कुणी विचारीत नाही. मी एकदा विचारले. "आयकून आयकूनच आला गा बाबू," एवढेच उत्तर मिळाले. शिकविणारा कुणी नसला म्हणजे कानालाच गुरू करावे लागते.

डॉ. प्रभा अत्रे यांच्याविषयी वाचताना मला तो ऑर्गनवाला आठवला. १९३२ साली पुण्यात जन्मलेल्या प्रभाताईंच्या घरीही गाणे नव्हते, आईवडील शिक्षक. आजारी आईचे मन रमावे म्हणून तिची संगीताची शिकवणी लावली. आईचे शिकणे लवकरच थांबले; शेजारी बसून ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीचे मात्र थांबले नाही. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांची तालीम मिळाली. शिवाय विज्ञान आणि कायदा या दोन पदव्या! काही काळ संगीत नाटकांतूनही त्यांनी भूमिका केल्या, हे आपल्या झाडीपट्टीने मुद्दाम ध्यानात ठेवावे.

त्यांच्या गायनाची थोरवी जाणकार सांगतील. मला मोठी वाटते ती त्यांची शिकविण्याची वृत्ती. आपल्याकडे बंदिश म्हणजे घरातला दागिना. बाहेरच्याला दाखवायचा नाही. प्रभाताईंनी स्वतः रचलेल्या बंदिशी 'स्वरांगिणी' आणि 'स्वररंजनी' या ग्रंथांतून सर्वांपुढे ठेवल्या. अपूर्व कल्याण, मधुरकंस असे नवे राग बांधले. ख्यालात सरगम घेतल्याने भाव मोडतो, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांनी सरगम या विषयावरच प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात त्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. १३ जानेवारी २०२४ रोजी त्या गेल्या, त्या दिवशीही मुंबईत त्यांचे गाणे ठरलेले होते.

कुणी म्हणेल, कागदावरून गायकी येत नाही. कबूल आहे. मींड आणि श्रुती कुठल्या स्वरलेखनात मावणार? पण पुण्या-मुंबईला गुरूच्या दारी बसण्याची ज्याची ऐपत नाही, त्याने कशाला हात घालावा? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पुस्तक नसते तर मी इथवर आलो नसतो, म्हणून मला हा आक्षेप भरल्या पोटाचा वाटतो.

प्राध्यापकांना विनंती, त्यांचे 'स्वरमयी' ग्रंथालयात घ्यावे. आणि मित्रांनो, येत्या हंगामात आपल्यापैकी दोघा-चौघांनी वही घेऊन ऑर्गनजवळ बसावे. चाल उतरवून घ्यावी, आणि तिच्याखाली ती बांधणाऱ्याचे नाव लिहावे.