दोन मिनिटं कुणाची?

जुलै लागला की लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब भरू लागतात. भुशी धरण भरलं, पायऱ्यांवरून पाणी वाहू लागलं, ही बातमी दरवर्षी फोटोसकट पेपरात येते आणि लगेच येणाऱ्या रविवारी मुंबई-पुण्याची माणसं तिकडे लोटतात. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेनं इंद्रायणीवर बांधलेलं हे धरण. ती इंजिनं केव्हाच गेली. आता धरण ओळखलं जातं ते त्या पायऱ्यांसाठी आणि भिजून वर आल्यावर टपरीवर मिळणाऱ्या गरम खाण्यासाठी. भाजलेलं कणीस, कांदाभजी, आल्याचा चहा आणि हल्ली सगळ्यांच्या पुढे नंबर लावून बसलेली झणझणीत मॅगी!

घरी आल्यावर मात्र बहुतेक जणी एकच तक्रार करतात, "तिथल्यासारखी चव घरी येतच नाही." पाकीट तेच, पाणी तेच, गॅसही तोच. मग चव कुठे जाते? कुणी म्हणतं तिथली हवा, कुणी म्हणतं पावसात लागलेली भूक. दोन्ही खरंच आहे. पण बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते आपण मोठ्यानं बोलत नाही. तिथे ती बशी आपल्या हातात आयती येते! कांदा आपण चिरलेला नसतो, कुणाला तिखट चालतं आणि कुणाला नाही हे लक्षात ठेवायचं नसतं आणि खाऊन झाल्यावर तळाला चिकटलेलं पातेलं आपली वाट बघत नसतं. वर्षातून एकदा असं आयतं मिळालं तर साधी मॅगीसुद्धा पक्वान्न लागणारच.

म्हणून आज या झटपट खाण्याबद्दल बोलायचं आहे. ते घरी स्वस्तात आणि चविष्ट कसं करायचं, हे तर सांगतेच. पण त्यातली ती प्रसिद्ध 'दोन मिनिटं' नक्की कुणाची, हेही एकदा विचारायचं आहे.

गंमत बघा, झटपट खाण्याचा जन्मच मुळी बाईच्या अपुऱ्या वेळातून झाला. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या दशकात कारखाने वाढले, बायका दिवसभर कारखान्यात राबू लागल्या आणि घरी नीट स्वयंपाक करायला वेळ उरेना. तेव्हा ज्युलियस मॅगी नावाच्या गिरणीमालकानं वाटाणा आणि कडधान्यांच्या पिठापासून लवकर शिजणारं, पोटभरीचं सूप तयार केलं. पाकिटावरचं 'मॅगी' हे नाव त्याचं आडनाव. पुढे १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी झटपट नूडल्स बाजारात आणल्या. बायको तेलात टेंपुरा, म्हणजे जपानी भजी, तळत होती. ते पाहून त्यांना नूडल्स तळून वाळवण्याची युक्ती सुचली, असं सांगतात. बघा, इथेही चुलीपुढे बायकोच!

ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे. आधी वाफवलेल्या नूडल्स तेलात तळल्या की त्यांतलं पाणी उडून जातं आणि बारीक बारीक छिद्रं तयार होतात. पुढे उकळतं पाणी त्या छिद्रांतून पटकन आत शिरतं. म्हणून त्या दोन-चार मिनिटांत मऊ होतात. साध्या, न तळलेल्या नूडल्सना किंवा आपल्या शेवयांना थोडा जास्त वेळ लागतो. आपण पाकिटाला जे जास्तीचे पैसे देतो, ते या वाचलेल्या पाच मिनिटांचे आणि मसाल्याच्या पुडीचे.

भारतात ही दोन मिनिटांची नूडल्स १९८३ च्या सुमारास आली. टीव्हीवरची ती जाहिरात आठवते ना? मुलं खेळून भुकेली होऊन येतात, आई हसत हसत म्हणते, बस, दोन मिनिटं. मुलं खूश, आई खूश. पण त्या दोन मिनिटांत पाणी उकळायला लागलेला वेळ धरलेला नव्हता, कांदा-टोमॅटो चिरायचा धरलेला नव्हता, बशा विसळायच्या धरलेल्या नव्हत्या. आणि मुख्य म्हणजे, ती दोन मिनिटं आईचीच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

हे नुसतं म्हणणं नाही. केंद्र सरकारनं २०२४ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, हे त्यात विचारलं होतं. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २८९ मिनिटं घरकामात जातात, असं दिसलं. म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास, तेही बिनपगारी. आणि पुरुष? जे घरकाम करतात, त्यांची ८८ मिनिटं. बाकीचे तर मोजण्यातच आले नाहीत. आता या २८९ मिनिटांतून दोन-चार मिनिटं वाचवणारं पाकीट एखादीनं फोडलं, तर लगेच 'आजकालच्या आया आळशी झाल्या' म्हणून नाक मुरडणारे आपल्या अवतीभवती कमी नाहीत. मावळात जुलैमध्ये भाताची आवणी चालू असते. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईनं संध्याकाळी पोरांना झटपट काही करून दिलं, तर तिला आळशी म्हणायचं धाडस कोण करणार? शाळेत शिकवणारी, दुकान सांभाळणारी, शिवणकाम करणारी, सगळ्यांची संध्याकाळ अशीच असते. तेव्हा पहिली गोष्ट ही की, झटपट काही केल्याचा अपराधीपणा मनातून काढून टाका.

आता पैशांचा हिशेब. २०२२ साली मॅगीचं सत्तर ग्रॅमचं पाकीट चौदा रुपयांना झालं. सत्तर ग्रॅमला चौदा, म्हणजे किलोला किती? दोनशे रुपये! त्याच वर्षी गव्हाचं पीठ पस्तीस-चाळीस रुपये किलोच्या आसपास होतं. चार माणसांच्या घरात चार पाकिटं फोडली आणि 'अजून भूक आहे' म्हणून पाचवं फोडलं, की स्वस्त वाटणारं खाणं स्वस्त राहत नाही. आज तुमच्या गावात पाकिटाचा, साध्या नूडल्सचा आणि शेवयांचा जो भाव असेल, तो याच पद्धतीनं किलोवर आणून बघा. फरक लगेच समजेल.

दुसरा हिशेब मिठाचा. मोठ्या माणसानं दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, भाजी-आमटी-लोणचं सगळं धरून. पाकिटामागे 'सोडियम' म्हणून आकडा छापलेला असतो. दिवसाची मर्यादा साधारण २००० मिलिग्रॅम सोडियमची. तुमच्या हातातल्या पाकिटात त्यातला किती वाटा एकाच वेळी संपतो, हे एकदा वाचाच. घरात कुणाला रक्तदाब असेल, तर नक्की वाचा.

२०१५ साली शिशाच्या प्रमाणावरून मॅगीवर बंदी आली होती, ते बहुतेकींना आठवत असेल. ५ जूनला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पाकिटं बाजारातून मागे घ्यायला सांगितली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि तीन प्रयोगशाळांत नव्यानं तपासणी करायला लावली. त्यात नमुने ठीक निघाले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात दिसू लागली. तेव्हा घाबरून जाण्याचं कारण नाही. पण पाकिटावर काय लिहिलंय ते वाचण्याची सवय त्या वर्षानं आपल्याला लावायला हवी होती, ती अजून लागायची आहे.

आणि नूडल्स आपल्याला परक्या आहेत, असं तरी कुठे आहे? चैत्र-वैशाखात गच्चीवर, अंगणात शेवया वळणाऱ्या बायका आठवा. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असं आळीपाळीनं काम चालायचं. पाटावर हातानं वळलेल्या असोत की बाजेला लावलेल्या मशीनमधून काढलेल्या, काठीवर वाळत घातलेल्या त्या शेवया म्हणजे आपल्या घरच्या नूडल्सच की! वर्षभर पुरायच्या. त्यांची खीर आपण सणाला करतो, पण कांदा-मिरची घालून केलेल्या तिखट शेवया पोरांसमोर ठेवायला मात्र संकोच वाटतो. का? तर त्यांची जाहिरात टीव्हीवर लागत नाही म्हणून. गावातल्या बचत गटाच्या बायका आजही शेवया करून विकतात. तेच पैसे त्यांच्या हातात गेले, तर काय वाईट?

तर आता करून बघा. आधी मसाला. बाटलीत भरून ठेवण्यासाठी चहाच्या चमच्यानं धणेपूड चार, लाल तिखट तीन, जिरेपूड दोन, मीठ दोन आणि हळद, गरम मसाला, आमचूर, साखर प्रत्येकी एक. त्यात सुंठ आणि मिरपूड अर्धा अर्धा चमचा. सगळं कोरडं असू द्या, नीट मिसळा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. माणशी एक चमचा पुरतो. मीठ आपल्या हातात, तिखटही आपल्या हातात. लहान मुलं असतील तर तिखट कमी करा.

चौघांसाठी तीनशे ग्रॅम साध्या नूडल्स किंवा गव्हाच्या शेवया घ्या. शेवया असतील तर आधी कोरड्याच मंद आचेवर खमंग भाजून घ्या. मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळायला ठेवा, त्यात चमचाभर तेल घाला. पाणी खळखळलं की नूडल्स सोडा. दाबून बघितल्यावर मध्ये किंचित कच्च्या लागतील, तेव्हाच चाळणीत निथळा आणि वरून गार पाणी घाला, म्हणजे गोळा होणार नाही. पाणी उकळतंय तोवर दुसऱ्या शेगडीवर कढईत तीन चमचे तेल तापवा. आठ-दहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, थोडं आलं आणि दोन उभ्या चिरलेल्या मिरच्या घाला. मग दोन कांदे, वाटीभर कोबी, एक गाजर, असेल तर ढोबळी मिरची. मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटंच परता, भाजी करकरीत राहिली पाहिजे. आपला चार चमचे मसाला घाला, एक टोमॅटो घाला आणि नूडल्स टाकून हलक्या हातानं वरखाली करा. उतरवताना लिंबू पिळा, कोथिंबीर पेरा. झणझणीत हवं असेल तर चमचाभर कांदा-लसूण मसाला तेलातच टाका. मग बघा घमघमाट!

पावसाळ्यात भुशीसारखी रसरशीत हवी असेल, तर दोन कप पाणी मसाल्यात उकळून घ्या आणि त्यात नूडल्स सोडा. आणि एक गोष्ट विसरू नका. नुसत्या नूडल्सनी पोट भरतं, पण अंगाला फारसं काही लागत नाही. म्हणून मूठभर मोड आलेले मूग, भाजलेले शेंगदाणे किंवा दोन फोडलेली अंडी त्यात जाऊ द्या. पाकिटातलीच करायची वेळ आली, तर पुडी अर्धीच घाला आणि बाकीची चव लसूण-मिरचीनं आणा. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात. दोन नव्हे, वीस. हे आधीच सांगितलेलं बरं.

आता ही वीस मिनिटं कुणाची? टपऱ्यांवर कढईपुढे उभे असलेले पुरुष आपण सगळ्यांनी पाहिलेत. परक्यांसाठी दिवसभर नूडल्स ढवळताना कुणाचा हात दुखत नाही, कुणाचा मान जात नाही. तेच घरात मात्र 'मला कुठे येतं?' गॅस पेटवायला आणि कांदा चिरायला येतो, त्या माणसाला हा पदार्थ येतोच. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याला पहिल्यांदा हेच शिकवा. मुलीला आपण न सांगता शिकवतो, तसंच. पुढे शिकायला पुण्या-मुंबईला एकटा राहिला, तर दर रात्री पाकीट फोडणार नाही आणि लग्नानंतर बायको येईपर्यंत उपाशी बसणार नाही. घरात सासूबाई असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या. नातवानं केलेली गरम बशी हातात आली की त्यांचाही विरोध मावळतो, हा अनेक घरांतला अनुभव आहे.

धरणावर जायचंच असेल तर जपून जा. ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाण्याचा जोर बघता बघता वाढतो. लावलेले फलक आणि ठरवून दिलेल्या वेळा पाळा, मुलांचा हात सोडू नका. आणि जाणं नाहीच जमलं, तर हळहळू नका. आयत्या बशीची ती चव घरातही मिळू शकते, फक्त ती बशी कुणीतरी आपल्या हातात आणून द्यायला हवी.

म्हणून या रविवारी मसाल्याची बाटली तुम्ही भरून ठेवा आणि कढई दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. पहिल्या वेळी नूडल्सचा लगदा होईल, मीठ जास्त पडेल, ओटाभर कोबी सांडेल. मध्ये पडू नका, खुर्चीवर बसून राहा. हे सगळ्यात अवघड आहे, पण जमतं. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगून ठेवा. कढई घासून पालथी घातली, की मगच ती वीस मिनिटं संपली, असं धरायचं!