तीन वर्षांत म्हातारा ठरवलेला लॅपटॉप

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न यायला लागतो. "दादा, मुलीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळतेय, पस्तीस-चाळीस हजारांत चांगला लॅपटॉप सांगा." मी दरवर्षी तेच उत्तर देतो आणि दरवर्षी समोरचा नाराज होतो. उत्तर असं की त्या पैशांत नवा घेऊ नका. एखाद्या कंपनीत तीन-चार वर्षं वापरून बाहेर पडलेला, मुळात लाखभर किमतीचा लॅपटॉप वीस हजारांच्या आसपास घ्या. उरलेल्या पैशांत नवी बॅटरी टाका, एसएसडी टाका, रॅम वाढवा. तरी काही उरतील.

"म्हणजे जुना?" इथेच बहुतेकांचं बोलणं संपतं. आपल्याकडे जुनी बुलेट चालते, जुनी स्विफ्ट चालते, जुना ट्रॅक्टर घ्यायला माणूस दोन तालुके फिरतो. लॅपटॉप जुना म्हटला की मात्र कुणाचं तरी उष्टं ताट पुढे केल्यासारखं तोंड होतं.

आधी हे लक्षात घ्या की ही मशीन बाहेर का पडतात. बिघडलेली असतात म्हणून नाही. २०१३च्या कंपनी कायद्यात मालमत्तेच्या आयुष्याचं एक परिशिष्ट आहे, त्यात डेस्कटॉप-लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षं धरलंय. आयकरात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे एक लाखाचं मशीन कागदावर पहिल्या वर्षी साठ हजारांचं, दुसऱ्या वर्षी छत्तीस हजारांचं आणि तिसऱ्या वर्षाअखेर साधारण साडेएकवीस हजारांचं उरतं. त्यात वॉरंटीही बऱ्याचदा तीन वर्षांचीच घेतलेली असते, लीजही तेवढंच. मग हिंजवडीतल्या नाहीतर ऐरोलीतल्या एखाद्या ऑफिसातून एका दिवशी दोनशे मशीन एकदम ट्रकमध्ये चढतात. हिशेबाच्या वहीनं म्हातारी ठरवलेली. आतल्या लोखंडाला याची काही खबर नसते.

आता मजबुतीचं बोलू, कारण खरा फरक तिथे आहे. स्वस्त नवा लॅपटॉप मरतो तो बहुतेक वेळा बिजागरीपाशी. झाकण उघड-मीट करून बिजागरी घट्ट होते, तिचे स्क्रू ज्या पितळी नळ्यांत बसवलेले असतात त्या नळ्या प्लास्टिकात रुतवलेल्या असतात, आणि दोन वर्षांत त्या प्लास्टिकासकट उखडतात. मग एका कोपऱ्यातून बॉडी फाकते, स्क्रीनची केबल ओढली जाते, आणि दुकानदार म्हणतो "पूर्ण बॉडी बदलावी लागेल." आमच्या घरातल्या एका लॅपटॉपचं हेच झालं. कंपनीचं नाव घेत नाही, पण सर्व्हिस सेंटरनं "हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही" असं सांगून हात वर केले. झाकण उघडणं हे नुकसान कसं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

कंपन्यांना विकायच्या मालिकांत, म्हणजे लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक यांत, बिजागरी सहसा धातूच्या सांगाड्याला धरलेली असते. कारण साधं आहे. एक घरगुती गिऱ्हाईक चिडलं तर कंपनीचं काही बिघडत नाही, पण पाच हजार नग घेणारं गिऱ्हाईक चिडलं तर पुढचं टेंडर जातं. मजबुती मागणाऱ्याला मिळते. (जाहिरातीत "मिलिटरी ग्रेड" लिहिलेलं असतं, त्याला फार भुलू नका. ती अमेरिकन सैन्याच्या चाचण्यांची एक यादी आहे, त्यातल्या हव्या तेवढ्या चाचण्या निवडून कंपनी स्वतः किंवा प्रयोगशाळेकडून करून घेते. सैन्य कुणाला सर्टिफिकेट वाटत नाही.)

पण मजबूत असणं वेगळं आणि उघडता येणं वेगळं. जुन्या मालाच्या बाजारात ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि तीच गेल्या दहा-बारा वर्षांत हातातून निसटत चाललीय.

उदाहरण घ्या. २०१८चा थिंकपॅड टी४८०. रॅमचे दोन खाचे, दोन्ही रिकामे करून हवी ती रॅम टाका. बॅटऱ्या दोन, एक आत आणि एक बाहेर. बाहेरची चालू मशीनमधून काढून दुसरी लावता येते. कीबोर्ड बिघडला तर खालचे स्क्रू काढायचे, सरकवायचा, नवा बसवायचा. दुरुस्तीचं पुस्तक कंपनीनंच सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं. लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला या मशीनला अजून गिऱ्हाईक आहे त्याचं कारण हे. त्याच्या पुढच्याच वर्षीचा टी४९० बघा. बाहेरची बॅटरी गेली, रॅमचा एक भाग बोर्डावरच डकवलेला, एकच खाचा उरला. मशीन पातळ झालं, दिसायला देखणं झालं. पण बोर्डावरची ती रॅम गेली तर बोर्डच गेला.

ॲपलनं हे आधीच करून ठेवलेलं. २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोपासून रॅम बोर्डावर पक्की. मग बटरफ्लाय कीबोर्ड आला, बारीकशी धूळ गेली तरी बटण अडकायचं. तो कीबोर्ड वरच्या पत्र्याला असा जोडलेला की बदलायचा तर पत्रा आणि त्याला चिकटवलेली बॅटरी सगळंच बदलायचं. अमेरिकेत यावर गिऱ्हाइकांनी दावा लावला आणि २०२२मध्ये कंपनीनं पाच कोटी डॉलर देऊन तो मिटवला. आपल्याकडच्या ज्यांनी तेच मशीन दीड लाखाला घेतलं होतं त्यांना त्यातून दमडी मिळाली नाही, कारण ती तडजोड अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांपुरतीच होती.

आता कुणी म्हणेल, मॅकबुकलाच तर जुन्या बाजारात सगळ्यात चांगला भाव येतो. येतो, मान्य. २०२०चा एम१ एअर आजही वेगाला कमी पडत नाही, बॅटरी उत्तम, बॉडी अख्ख्या ॲल्युमिनियमची. पण हा भाव कुणाच्या खिशात जातो ते बघा. पहिला मालक तीन वर्षं वापरतो, भाव काढतो, मोकळा होतो. दुसरा मालक जे घेतो त्यात रॅम वाढत नाही आणि साठवणीची चिपही बोर्डावरच असते. ती चिप मेली तर मशीन बाहेरच्या डिस्कवरूनही सुरू होत नाही. म्हणजे भाव पहिल्याला आणि जोखीम दुसऱ्याला. हा दुसरा माणूस कोण असतो? लातूरचा, चंद्रपूरचा, सावंतवाडीचा विद्यार्थी. एकदाच पैसे जमवून घेतलेला.

त्यावर कुलपं आहेत ती वेगळीच. कंपनीनं मशीन आपल्या यादीतून काढलंच नाही, तर विंडोज नव्यानं टाकून इंटरनेट जोडल्यावर स्क्रीनवर त्या कंपनीचं नाव येऊन उभं राहतं आणि पासवर्ड मागतं. मॅकमध्ये ॲक्टिव्हेशन लॉक, थिंकपॅडमध्ये बायोसचा सुपरवायझर पासवर्ड. चोरीला आळा बसावा म्हणून केलेली ही सोय चांगलीच आहे. पण ऑफिसातल्या एका माणसानं यादीतली एक ओळ काढायचा कंटाळा केला म्हणून धडधाकट मशीन भंगारात जावं, हे कसं पटायचं? काही कंपन्या तर डेटाच्या भीतीनं एसएसडीचाच चुरा करतात. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कची किल्ली नष्ट केली की डेटा वाचता येत नाही, हे त्यांच्याच आयटी विभागाला पाठ असतं.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. टी४८० या रेषेच्या आत आहे, सातव्या पिढीचा टी४७० बाहेर. दोन्हींवर अभ्यासाचं काम सारखंच होतं, तरी बाहेरच्याचा भाव घसरणारच. ज्याला लिनक्स चालतं त्याच्यासाठी ही पर्वणी आहे, पण कॉलेजचं सॉफ्टवेअर विंडोजच मागत असेल तर काय करणार?

सरकार काय करतंय? काहीच नाही असं मी म्हणणार नाही. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल काढलं. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण पाकिटावर छापावेत यासाठी दुसरी समिती झाली, तिनं मे २०२५मध्ये अहवाल दिला. पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. लॅपटॉप नंतर कधीतरी. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१पासून असे गुण छापावे लागतात, आणि तिथं लॅपटॉप पहिल्याच यादीत होता.

माझं म्हणणं एवढंच की लॅपटॉपला थांबवू नका. आणि राज्य सरकारनं, विद्यापीठांनी, जिल्हा परिषदांनी कायद्याची वाटही बघायची गरज नाही. टेंडरात दोन ओळी घाला: रॅम आणि डिस्क बदलता आली पाहिजे, बॅटरी आणि कीबोर्ड सुटा मिळाला पाहिजे. मोठं गिऱ्हाईक मागतं तेव्हा कंपन्या देतात. २०२४च्या थिंकपॅड टी१४मध्ये लेनोव्होनं रॅमचे दोन्ही खाचे परत आणले, बॅटरी सहज निघेल अशी केली. म्हणजे जमत नव्हतं असं नाही.

जे यंदा घेणार आहेत त्यांच्यासाठी थोडकं. दुकानातच इंटरनेट जोडून मशीन पहिल्यापासून सेटअप करून बघा, कुलूप असेल तर तिथेच कळेल. बायोसमध्ये शिरता येतं का बघा. बिजागरी दोन्ही बाजूंनी सारखी आहे ना, कोपरा फाकलाय का. टी४८० घेत असाल तर टाइप-सी पोर्टावर चार्जर लावून बघाच, त्याच्या जुन्या फर्मवेअरमध्ये एक दोष होता आणि त्यात हे पोर्ट जायचं. स्क्रीन फुल एचडी आहे की जुनी फिकी, तेही. पक्कं बिल घ्या. थ्रीडी किंवा जड ग्राफिक्सचं काम असेल तर मात्र हा सगळा सल्ला सोडून द्या, त्याला वेगळं मशीन लागतं.

पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांत ॲडमिन आणि आयटीमध्ये असलेले बरेच जण ही पोस्ट वाचत असतील. तुमच्याकडची तीन वर्षं झालेली मशीन कुठे जातात? यादीतून काढून, डिस्क पुसून जातात की तशीच ट्रकमध्ये चढतात? कंपनीचं नाव लिहू नका, पण पद्धत लिहा.