आधी पूररेषा, मग लेआऊट

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात तहासाठी येते. 29 नोव्हेंबर 1803 ला आडगावची लढाई झाली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 30 डिसेंबरला दौलतराव शिंद्यांनी इथे इंग्रजांशी तह केला. दुआब, भडोच, अहमदनगर गेले. पण वऱ्हाडात या गावाची ओळख शहानूर नदीच्या पाण्यावर पिकणाऱ्या बागाइतीची आहे.

पानमळ्यात भर उन्हाळ्यातही पाय ठेवला की गारवा जाणवतो. पांगारा, शेवरीच्या आधाराने चढलेले वेल, खाली सतत ओल, वर गच्च सावली. पानपिंपरीलाही अशीच जागा लागते, आणि ती औषधी कंपन्यांपर्यंत जाते. बारी समाजाच्या कित्येक पिढ्या या कामात खपल्या. आता मजूर मिळत नाही, मर लागली की वेल उभेच्या उभे वाळतात. शिवाय एकराने विकले जाणारे वावर अकृषक झाले की चौरस फुटाने विकले जाते. शेतकऱ्याने प्लॉट पाडले तर त्याला दोष कसा द्यायचा?

घरांची गरजही खरी आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 56 हजारांवर होती. घरकुल मंजूर होते, पण स्वतःची जागा नसलेला माणूस स्वस्त प्लॉट शोधतो, आणि स्वस्त प्लॉट बहुधा नदीकाठच्या सखल भागातच सापडतो. नदीशी वाकडे घेण्याची जोखीम अशी गरिबाच्या गळ्यात पडते.

त्याची किंमत विदर्भाने मोजली आहे. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुराने मोवाड उद्ध्वस्त केले, दोनशेवर माणसे गेली. कॅनडातल्या टोरांटोत ऑक्टोबर 1954 च्या हेझेल वादळात हंबर नदीने एका रस्त्यावरची घरे माणसांसकट वाहून नेली. त्यानंतर तिथे नदीखोऱ्यातल्या पूरक्षेत्रात घरे बांधायला बंदी आली, जमिनी सार्वजनिक ताब्यात घेतल्या गेल्या आणि आज तिथे उद्याने आहेत. आपल्या राज्याने मात्र 2015 मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरणच रद्द केले. उरली ती निळी आणि लाल पूररेषा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या कक्षेत, घर बांधता येत नाही. बाग, मैदान, मोकळी जागा चालते. नियम चांगला आहे, पण खरेदीखतावर सही करणाऱ्याला ती रेषा दिसत नाही. वर धरण आहे, आता कसला पूर, असे म्हणणारे भेटतात. धरण भरले आणि सातपुड्यात पाऊस थांबला नाही, तर दरवाजे उघडावेच लागतात.

म्हणून नगरपरिषदेने निळी रेषा जमिनीवर दगड रोवून दाखवावी, आणि तोवर काठच्या एकाही लेआऊटला मंजुरी देऊ नये. प्रत्येक लेआऊटमध्ये सोडायची मोकळी जागा कोपऱ्यातल्या तुकड्यात न घेता नदीच्या बाजूने सलग घ्यावी. दहा लेआऊट झाले की काठाने झाडीचा पट्टा आपोआप उभा राहील. त्या पट्ट्यात पानमळा टिकवणाऱ्याला विमा आणि अनुदान मिळावे, कारण शहराची मोकळी जागा तो स्वतःच्या खर्चाने राखतो. आणि घरकुलांसाठी उंचावरची सरकारी जागा आधी मोजून द्यावी. काठावर घरे उभी राहिली की पुढे ती गुंठेवारीत नियमित होतात. मग दगड रोवायलाही जागा उरत नाही.