पुराचं मूल्यमापन पूर ओसरल्यावर कशाला?

विश्रामबाग (सांगली) : आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं बुडाली. मग वडनेरे समिती नेमली गेली, २०२० मध्ये अहवाल आला. २०२१ ला पुन्हा पूर!

कोयनेचा विसर्ग, कर्नाटकातलं अलमट्टी, जिल्हा प्रशासन, ग्रामपंचायती, गावातले पोहणारे पोरं. हे सगळं एकत्र आलं तरच गाव वाचतं. पण अशी साखळी एका बैठकीत तयार होत नाही, दर पावसात थोडी बदलावी लागते. म्हणून अमेरिकेतले मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल क्विन पॅटन यांनी मांडलेलं ‘विकासात्मक मूल्यमापन’ इथं उपयोगाचं आहे. त्यात तपासणारा शेवटी गुण द्यायला येत नाही. काम चालू असतानाच सोबत बसतो, काय अडलं ते विचारतो आणि लगेच दुरुस्ती करायला लावतो. अहवाल लागतोच, पण तो पुढच्या पावसाआधी गावात पोचला तर.

विसर्ग वाढल्याचा मेसेज ग्रुपवर पडतो. तो वाचून गोठ्यातली जनावरं सुटली का, हे त्याच रात्री विचारायचं काम तुमच्या गावात कोणाकडे आहे?