आवरणाखालचे फळ

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील ईस्ट हेवन या लहानशा गावी १९८६ मध्ये फुलांचे एक दुकान विकले गेले. घेणारा होता सतरा वर्षांचा तारिक फरीद. त्याचे कुटुंब पाकिस्तानातून अमेरिकेस येऊन अवघी पाच वर्षे झाली होती आणि दुकानासाठी लागलेले ५,००० डॉलर कर्जाऊ घेतलेले होते. फुलांच्या व्यापारात माल रोज सुकतो. सकाळी ज्या गुच्छाला पूर्ण भाव, त्याच गुच्छाला संध्याकाळी अर्धाही मिळत नाही. या शाळेत तेरा वर्षे काढल्यावर १९९९ मध्ये फरीदने त्याच गावी एक निराळे दुकान उघडले. तेथे गुच्छ होते, पण फुलांचे नव्हते. पाकळ्यांच्या साच्याने कापलेल्या अननसाच्या चकत्या, त्यांच्या मध्यभागी खरबुजाची गोळी, काडीवर ओवलेली द्राक्षे आणि चॉकलेटात बुडवलेल्या स्ट्रॉबेऱ्या, असे सारे एका परडीत उभे केलेले असे. दुकानाचे नाव ‘एडिबल अरेंजमेंट्स’, म्हणजे खाण्याजोगी मांडणी. २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथे त्याच नावाने पहिले फ्रँचायझी दुकान निघाले आणि पुढे अशा दुकानांची संख्या शेकड्यांनी वाढली.

आता ही कल्पना पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावांतल्या स्वयंपाकघरांतही पोहोचली आहे. साखरपुडा, डोहाळजेवण, दुकानाचे उद्घाटन अशा प्रसंगी मिठाईच्या पेटीऐवजी चॉकलेट-फळांचा गुच्छ पाठवला जातो. तो करणाऱ्यांत व्यापारी घरांतील सुना-मुलींची संख्या मोठी आहे, आणि त्यात नवल नाही. भांडवल थोडे लागते, घर सोडावे लागत नाही आणि ओळखीचे वर्तुळ हीच पहिली पेठ असते. घरातील पुरुष मात्र या उद्योगाकडे बहुधा कौतुकाने पाहतात, हिशेबाने पाहत नाहीत. तेथेच पहिली चूक होते.

प्रथम कृतीविषयी, कारण या मालाचा सारा नफा-तोटा कृतीतच ठरतो. चॉकलेटाचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. वितळलेल्या चॉकलेटात साखरेचे व कोकोचे बारीक कण स्निग्धांशात तरंगत असतात. ओल्या फळाबरोबर दोन थेंब पाणी आत गेले की हे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि क्षणापूर्वी रेशमासारखे वाहणारे मिश्रण दाट, खरखरीत गोळा बनते. मग ते कितीही तापवले तरी पूर्ववत होत नाही. असे बिघडलेले चॉकलेट टाकून न देता त्यात कोमट दूध किंवा साय घालून त्याची चटणीसारखी पातळ ‘सॉस’ करता येते, परंतु फळांना त्याचे घट्ट आवरण चढत नाही. म्हणून फळे आदल्या रात्री धुऊन, मलमलीवर पसरून, एकेक पुसून कोरडी करावीत. देठ काढू नये. देठ काढलेल्या जागेतून रस झिरपतो आणि आवरण आतून सुटते. चॉकलेट वितळवताना खालच्या पातेल्यातील पाण्याला वरच्या भांड्याचा तळ लागू देऊ नये आणि वाफ भांड्यात शिरू देऊ नये.

दुसरी गोष्ट तापमानाची. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठते. त्यांतील पाचवा प्रकार चकचकीत दिसतो, कट्‌कन तुटतो आणि सुमारे ३४ अंशांवर, म्हणजे जिभेवर, विरघळतो. बाकीचे प्रकार निस्तेज व मऊ राहतात. हवा तोच स्फटिक मिळावा म्हणून गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवतात, ढवळत ढवळत २७ अंशांपर्यंत उतरवतात आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणतात. दुधाच्या चॉकलेटाला शेवटचा आकडा दोन अंशांनी कमी ठेवावा लागतो. एवढ्यासाठी शंभर-दोनशे वस्तूंचे साहित्य लागत नाही. एक चांगला स्वयंपाकाचा तापमापक आणि थोडा धीर पुरतो. पण फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे दुपारचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा ३४ अंशांवर वितळणारी वस्तू स्कूटरवरून पाठवणे हे धाडसच होय. शीतकपाटातून काढलेल्या चॉकलेटावर दमट हवेतले पाणी जमते, त्यात वरची साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरट डाग उमटतात. चव फारशी बिघडत नाही, परंतु घेणाऱ्यास ती बुरशीच वाटते.

या दोन्ही कटकटी टाळण्यासाठी बाजारात ‘कंपाउंड’ नावाच्या लाद्या मिळतात. त्यांत कोको बटरऐवजी बहुधा पाम किंवा पामच्या गराचे वनस्पती-स्निग्ध असते. तापमानाची ती चढउतार लागत नाही, भावही बराच कमी असतो. तोंडात मात्र थोडा मेणचटपणा राहतो. घरगुती उद्योगातील बहुतेक माल याचाच होतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण भाव शुद्ध चॉकलेटाचा घेऊन कंपाउंड देणे हे मापात मारण्यासारखेच आहे. मापात मारणाऱ्याला बाजार एक-दोन वर्षे ओळखत नाही, एवढाच त्याचा लाभ.

आता जैन घरांपुरता नाजूक भाग. अशी परडी दिवाणखान्यात येते, मुले धावतात, सून छायाचित्र काढते आणि आजेसासूबाई दुरूनच विचारतात, ‘यात काय काय आहे?’ या प्रश्नाला ‘हिरवा ठिपका आहे’ हे उत्तर दिले जाते. ते उत्तर पुरेसे नाही. चौकोनातील हिरवा ठिपका म्हणजे शासनाच्या व्याख्येप्रमाणे शाकाहारी पदार्थ. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहारी पदार्थाची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध व दुधाचे पदार्थ यांबरोबरच मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी चकाकी हीसुद्धा वगळलेली आहेत. अर्थात मध घातलेल्या, लाखेने चकाकवलेल्या गोळीवर हिरवा ठिपका कायद्याने योग्यच ठरतो. ज्या घरात मध वर्ज्य आहे, त्या घराला हा ठिपका काही सांगत नाही. बिटाच्या लाल रंगाचेही तसेच; तो वनस्पतिजन्य म्हणून हिरवा, पण बीट कंदमूळच आहे.

म्हणून लेबलाच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचायला हवीत. ९०१ म्हणजे मधमाशीचे मेण, ९०४ म्हणजे शेलॅक, १६२ म्हणजे बिटाचा रंग. ४७१ हा स्निग्धापासून बनलेला घटक वनस्पतीचाही असतो आणि प्राण्याचाही. ठिपका हिरवा असेल तर प्राण्याच्या चरबीची शंका उरत नाही. खरी सावधगिरी बाळगायची ती सजावटीच्या सुट्या मालात. रंगीबेरंगी दाणे, मऊ मार्शमॅलो, परदेशातून आलेले चमकते मणी वजनावर सुटे विकले जातात, त्यांवर ना ठिपका असतो ना घटकांची यादी. मार्शमॅलोत सामान्यतः जिलेटिन असते, आणि लाल-गुलाबी दाण्यांत १२० क्रमांकाचा, किड्यापासून काढलेला रंग असू शकतो. चॉकलेटाच्या आवरणाखाली एकदा ते गेले की पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. खाणाऱ्याला करणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते, आणि व्यापारी घराला शब्दाची किंमत सांगण्याची गरज नाही.

फळांच्या निवडीतही हाच विचार येतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि गुच्छाची राणी तीच, यात शंका नाही. पण तिच्या अंगावर दिसणारे दाणे सुमारे दोनशे असतात. त्यामुळे काही घरे तिला बहुबीज मानून खात नाहीत. सचित्ताचा त्याग असलेल्या घरात पिकल्या फळाचे बी काढून दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, लोटल्यावर ते घेतात. स्ट्रॉबेरीचे बी काढायचे कसे? अंजीर तर पूर्वापार वर्ज्य. मग उरते काय, असे विचारणाऱ्यांनी नाशिक-सांगलीच्या बिनबियांच्या द्राक्षांकडे पाहावे. सोलावे लागत नाही, कापावे लागत नाही, आतला रस सालीत बंद, आवरण अखंड राहते. गुच्छासाठी याहून निर्धोक फळ नाही. त्याखालोखाल सफरचंदाच्या फोडी, नीट निथळलेला अननस आणि संत्र्याच्या सुक्या पाकळ्या. खजूर व सुका मेवा देखणा दिसतो, टिकतोही. परंतु फाल्गुन चौमासीपासून आठ महिने तो न घेणारी घरे आहेत, हे मागणी घेतानाच विचारलेले बरे.

एक गोष्ट तर हसण्यावारी नेण्याजोगी आहे. काड्या उभ्या राहाव्यात म्हणून परडीच्या तळाशी अनेक जणी अर्धा बटाटा ठेवतात. वर सारे निर्दोष आणि बुडाशी कंदमूळ! फुलवाल्यांचा हिरवा स्पंज तर खाद्यपदार्थाला लावूच नये. अर्धे कलिंगड पालथे घातले की काड्या घट्ट बसतात आणि शेवटी तळही खाता येतो.

आता हिशेब. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकीने आपल्या गावचे भाव घालावेत. समजा, २४ काड्यांच्या एका गुच्छाला फळे ३०० रुपयांची लागली, कारण आणलेल्यांतील पाव भाग दबलेला निघतो. चॉकलेट १८० रुपयांचे, परडी, काड्या, कागद व फीत मिळून १५० रुपये, पोहोचवणावळ १२० रुपये. एकूण ७५० रुपये. गुच्छ १,१०० रुपयांना गेला. घरात सारे म्हणतात, ३५० रुपये सुटले. परंतु निवडणे, पुसणे, बुडवणे, रचणे यांत तीन तास गेले. तासाला ८० रुपये धरले तरी २४० रुपये मजुरी होते. राहिले ११० रुपये. आता दहा गुच्छांतील एक उन्हात वितळला आणि त्याचे पैसे आले नाहीत, तर त्याचे ७५० व २४० मिळून ९९० रुपये बुडाले. उरलेल्या नऊ गुच्छांचा नफाही नऊ गुणिले ११०, म्हणजे ९९० रुपयेच. दहा दिवस राबून हातात शून्य, आणि वहीत मजुरी न लिहिल्यामुळे ते शून्य दिसतही नाही.

किराणा किंवा कापडाच्या दुकानात आजची अखेरची शिल्लक उद्याची सुरुवातीची शिल्लक होते. येथे तसे नाही. रात्री उरलेला गुच्छ दुसऱ्या सकाळी शिल्लक नसतो. तो बुडीत खात्यात जातो. फळाचा रस बदलला की तो चलित रस झाला, म्हणजे विकण्याचाच काय, घरात ठेवण्याचाही प्रश्न उरत नाही. त्यामुळे या धंद्यात तयार माल ठेवून गिऱ्हाइकाची वाट पाहणे चालत नाही. मागणी दोन दिवस आधी घ्यावी, निम्मे पैसे त्याच वेळी घ्यावेत आणि नातलगांनाही उधार देऊ नये. नात्यातल्या उधारीने धंदाही जातो आणि येणे-जाणेही. घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती पहिल्याच महिन्यात करून घ्यावी. नोंदणी क्रमांक छापलेले लेबल गिऱ्हाइकाला धीर देते. बँकेकडे लहान कर्जासाठी जाताना नोंदणी आणि सहा महिन्यांची वही बरोबर असली की बोलणे सोपे होते. मजुरी लिहिलेली वही, एवढे मात्र पाहावे.

लेबलावर आणखी तीन ओळी घालाव्यात. पहिली, चॉकलेट शुद्ध की कंपाउंड. दुसरी, आवरणाखाली कोणती फळे आहेत आणि मध, जिलेटिन, कंदमूळ यांपैकी काही आहे का. तिसरी, फळ किती वाजता कापले. ही तिसरी ओळ लिहायला करणारी कचरते, कारण ती लिहिली की सकाळी कापलेले फळ संध्याकाळच्या समारंभाला पाठवता येत नाही. चौविहार पाळणाऱ्या घरी तर परडी दुपारी चारपर्यंत पोहोचली पाहिजे. त्यासाठी काम पहाटे पाचला सुरू करावे लागते, हवा थंड असते तेव्हाच. चॉकलेटालाही ती वेळ मानवते. साडेआठला आवरण घट्ट होते, दहाला काड्या रोवल्या जातात. अकरा वाजता घरचा मुलगा दुकानाकडे निघतो, तेव्हा परडी त्याच्या गाडीत पायापाशी, सावलीच्या बाजूला ठेवलेली असते.