निष्णात हातांनी पुन्हा नवशिके व्हावे

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मासेमारीवरील लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. मलकपेठेजवळून मूसी वाहते खरी, पण तिच्यात हौसेने गळ टाकावा अशी तिची आजची अवस्था नाही. शिवाय आपल्यापैकी अनेकांच्या घरी मासा शिजतही नाही. तरीही हा विषय मी हेतुपुरस्सर निवडला आहे. हाताने साध्य करावयाची विद्या कशी शिकावी आणि कशी शिकवावी, याविषयी मला जे म्हणावयाचे आहे, ते या उदाहरणातून अधिक स्पष्ट होते.

शस्त्रक्रिया करणे थांबविल्यावर मी काही महिने अटलांटा येथे मुलाकडे राहिलो. त्या शहराच्या ईशान्येस लेनियर नावाचा विस्तीर्ण जलाशय आहे. १९०८ च्या मूसीच्या महापुरानंतर आपल्याकडे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) बांधले गेले. त्याचप्रमाणे तेथे चॅटाहूची नदीवर १९५६ साली ब्यूफर्ड धरण पुरे झाले आणि पूरनियंत्रणाबरोबर शहराच्या पाण्याचीही सोय झाली. फरक इतकाच, की लेनियरच्या काठाने बोटी बांधण्यासाठी लोकांनी हजारो तरंगते धक्के उभारले आहेत. या धक्क्यांच्या सावलीत लहान मासळी जमते आणि तिच्यामागे क्रॅपी नावाचा चपटा, चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेला मासा येतो. अंधारात राहून उजेडातले भक्ष्य टिपणे त्याला सोयीचे असते. आपल्याकडचा मरळ जसा पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरतो, तसाच हा प्रकार.

अडचण अशी, की धक्का आणि पाणी यांमधील फट जेमतेम वीतभर असते. काठी डोक्यावरून फिरवून फेकलेला गळ तेथे पोहोचू शकत नाही. म्हणून तेथील लोकांनी ‘डॉक शूटिंग’ नावाची युक्ती काढली आहे. काठी आखूड, पाच-सहा फुटांची, दोरा बारीक, आणि गळाच्या डोक्याशी एक-दोन ग्रॅम शिसे. दोरा इतकाच सोडायचा, की गळ काठीच्या मुठीजवळ यावा. रिळाची कडी उघडून दोरा तर्जनीवर अडवायचा. दुसऱ्या हाताच्या चिमटीत शिशाचे डोके असे धरायचे, की गळाचे टोक बोटांपासून दूर राहील. मग गळ मागे ओढून काठीचे धनुष्य करायचे, शेंडा पाण्यालगत ठेवायचा आणि चिमूट सोडायची. तिच्या पाठोपाठ, क्षणाच्याही अंशाने, तर्जनी. गळ पाण्याला समांतर सुटतो आणि भाकरी काढणाऱ्या चपट्या दगडासारखा टप्पे घेत सावलीत दूरवर शिरतो.

ही विद्या मला शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाने शिकवली. हयात सुतारकामात गेलेली. त्याने पहिले काही दिवस मला पाण्याजवळ जाऊच दिले नाही. गळाचे टोक पकडीने छाटून टाकले, डोळ्यांवर चष्मा घालावयास लावला आणि अंगणातल्या बाकाखाली एक टोपले ठेवले. शिसे टोपल्यात पडू लागेपर्यंत तलावाचे नाव काढायचे नाही! कृतीचे त्याने चार तुकडे केले होते: धरणे, ताणणे, रोखणे, सोडणे. एक तुकडा बसल्याशिवाय दुसरा नाही. माझे बोट थकले, की तो त्या दिवसाचा पाठ संपवी. तो एकदाही हसला नाही, एकदाही रागावला नाही.

पस्तीस वर्षे ज्या हातांनी पोटे उघडली आणि शिवली, त्या हातांना टोपल्यात शिसे टाकायला शिकणे हा वेगळाच अनुभव होता. निष्णात हाताला सवय असते ती हुकूम सोडण्याची. येथे जोर हाताचा नसतो, वाकलेल्या काठीचा असतो. हाताने फक्त वेळ साधायची असते. आणि मासा लागल्यावरही हिसका देऊन चालत नाही. क्रॅपीच्या तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ असते. दोरा सैल न सोडता हलका, सलग ताण ठेवावा लागतो. नाजूक ऊती हाताळताना आपण हेच करतो. पण ते पहिल्यांदा शिकताना मनाची काय अवस्था होते, ते विसरून गेलेले असतो.

हे विसरणे निरुपद्रवी नाही. आमच्या पिढीतील अनेकांनी शस्त्रक्रियागृहातील धडे बोलणी खात गिरवले. ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ ही उक्ती आपण कौतुकाने सांगत आलो. परंतु त्यातील ‘एक करा’ कोणावर? बहुधा सरकारी वॉर्डातील गरीब रुग्णावर, ज्याला नकार देण्याची सोय नव्हती. २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाने कौशल्य प्रयोगशाळेला स्थान दिले, हे योग्यच झाले. तथापि खोली बांधून आणि पुतळे विकत घेऊन काम भागत नाही. शेजारी उभे राहून शांतपणे शंभरदा तेच दाखविणारा शिक्षक हवा. आणि माझे स्पष्ट मत असे, की जो स्वतः अलीकडे नवशिका झालेला नाही, त्याला हा संयम सहसा साधत नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे: जीव वाचविणाऱ्याने विरंगुळ्यासाठी जीव का घ्यावा? आक्षेप आदरणीय आहे. मासा पाण्यात परत सोडला, तरी त्याला इजा होतेच. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी बिनटोकाचे शिसे आणि टोपले यांवरच थांबावे. विद्या तेवढ्यानेही येते. किंवा विणकाम घ्यावे, तबला घ्यावा, कुंभाराचे चाक घ्यावे. अट एकच: गुरू डॉक्टर नसावा आणि आपल्या पदवीचा तेथे काडीचाही उपयोग नसावा.

आपल्या मंडळापुढे माझी एक सूचना आहे. वार्षिक संमेलनात व्याख्यानांच्या जोडीला अर्धा दिवस असा ठेवावा, की ज्येष्ठ सभासद एखाद्या कारागिराकडून त्याची कला शिकतील आणि तरुण डॉक्टर ते पाहतील. दुपारी त्याच ज्येष्ठांनी तरुणांना फोमच्या तुकड्यावर टाके घालायला शिकवावे. सकाळी ज्याची बोटे अडखळली, तो दुपारी दुसऱ्याच्या अडखळण्यावर ओरडणार नाही, असा माझा विश्वास आहे. त्याचा लाभ अखेरीस त्या रुग्णाला होईल, ज्याच्या अंगावर त्या तरुणाचा पहिला टाका पडणार आहे.